गज्या माझा कोनी न्हवता

माझं माहेर खारबावच्या अंगाला, खाडीकडं. गावाचं नाव नका लिवू ताई, भाऊ ऱ्हातात माझे तिथं, माझ्यापायी त्यांना कशाला कोनाचं ऐकून घ्यावं लागंल. बापूस खाडीत रेती काढायचा, डुबी मारून. बादली घेऊन तळाला जायचा नि भरून वर यायचा, दिवसभर तेच, आनि त्या पान्यानं त्याचे कान गेले. कायच ऐकू यायचं न्हाय त्याला. म्हनून आमच्या घरात सगळीच मोठ्यानं बोलायची, आयस मोठ्यानं, आमी पोरी मोठ्यानं, भाजीत मीठ हाय का विचारलं तरी आख्ख्या आळीला कळायचं. लगीन होऊन मी भिवंडीत कामतघरला आली तवा सासू बोलली, अगो बाय, हिचा आवाज केवढा! पन तो आवाजच कामाला आला, कारन आमच्या चाळीच्या पाठीमागंच कापड विनायच्या लूमचा कारखाना, दिवसरात खडाड खडाड, तिथं हळू बोलनारीचं कोन ऐकनार? तुमाला आता बसायला त्रास होत असंल या आवाजाचा. मला न्हाय होत. मला तो बंद पडला की त्रास होतो. बंद पडला की छातीत धडधडायला लागतं. का ते सांगते, जरा दम धरा.

नवरा माझा लूमवर व्हता, सीताराम नाव त्यांचं. चांगला कारागीर मानूस, पन कापसाची धूळ खाऊन खाऊन छाती भरली, चार पावलं चालले की बसायचे, मंग एक दिवस शेठ बोलला, सीताराम, आता तू घरीच बस. घरी बसून चालतंय का? महेश माझा शाळेत. मंग मी भिशी काढली. पैशाची भिशी न्हाय हो, आमच्या भिवंडीत कामगारांच्या खानावळीला भिशी बोलतात. घरदार सोडून एकटे आलेले लूमवाले, कोनी यूपीचा, कोनी बिहारचा, कोनी तेलंगनाचा, कोनी आपल्याच सोलापूरकडचा, त्यांना दोन टाइम जेवान. बाहेरच्या खोलीत सतरंज्या टाकायच्या, आतल्या खोलीत मी नि दोन शेगड्या. काकी थोडा दाल और देना, काकी आज भाजी में नमक जास्ती है, असं सगळं दिवसभर. माझी हिंदी ऐकून हसायचे मेले, पन ताट चाटूनपुसून जायचे. त्यांच्या जिवावर महेश शिकला, त्यांच्या जिवावर आमचं औषधपानी. मी काय कोनाचं वाईट बोलनार त्यांच्याबद्दल. पन त्यातले पन व्हते त्या दिवशी. सांगते.

आधी अशोकचं सांगायला पायजे, त्याच्याशिवाय पुढचं तुमाला कळनार न्हाय. अशोक लूमचा मिस्त्री, बिघडलेली लूम दुरुस्त करायचा. आमच्याच चाळीत शेवटच्या खोलीत, बायको सुनंदा, म्हातारी आयस आनि एक मुलगी, पिंकी. असा पोरगा शोधून सापडनार न्हाय ताई. कोनाच्या घरी मयत झाली की अशोक पुढं, कोनाची बाय अडली की रिक्षा घेऊन येनारा अशोक. पुराचं पानी चाळीत शिरलं त्या साली, कमरेच्या वर पानी, आमच्या यांना धाप लागलेली, हलता येईना, तर अशोकनं त्यांना खांद्यावर घातलं नि समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर नेऊन ठेवलं. तवा तो नसता तर माझं कुंकू तवाच पुसलं असतं. हे मी पोलिसांना पन सांगितलं, कोर्टात पन सांगितलं. लपवलं न्हाय.

आनि गज्या. नाव गजानन, पन आख्ख्या गल्लीत त्याला गजानन बोलनारं एक मानूस न्हवतं. आमच्या भिंतीला त्याची भिंत. त्याचं चांगलं काय सांगू तुमाला, मी जाम आठवून बघितलं, अजून आठवून बघते, एक गोष्ट सापडत न्हाय. दारू प्यायचा, कधी कुठल्या गोडाउनवर पहारा करायचा, कधी न्हाय. बायकोला मारायचा, ती पोराला घेऊन शहापूरला माहेरी गेली ती गेलीच. सकाळी उठला की खाकरून माझ्या उंबऱ्यासमोर थुंकायचा, मुद्दाम. पोरांचा चेंडू घरात आला की कापून टाकायचा. चाळीतल्या कुत्रीला विष घातलं त्यानं, तिची पिल्लं दूध शोधत तिच्या अंगावर चढत व्हती, ते आमी सगळ्यांनी बघितलं. आनि माझ्याशी त्याचं काय वाकडं व्हतं देव जाने, एकदा त्यानं तक्रार केली की हिच्या भिशीत अळ्या पडलेलं जेवान देतात. मुन्सिपाल्टीची मानसं आली नि शेगड्या, सिलेंडर, सगळं उचलून घेऊन गेली, दंड भरून सोडवीपर्यंत भिशी बंद. मी रस्त्यात रडत व्हती नि तो दारात उभा ऱ्हाऊन पान खात हसत व्हता. तवा मी माझ्या या आवाजात बोलली त्याला, गज्या, तू मरशील तवा तुला पानी पाजायला कोनी येनार न्हाय.

बरं. आता तो दिवस.

कारखान्यांना सुट्टी व्हती. लूम बंद. सगळे बाप्ये घरी, ऊन डोक्यावर आलेलं, मी आत डाळीला फोडनी देत व्हती. एवढं शांत व्हतं की पलीकडच्या गल्लीतली बादली वाजलेली ऐकू येत व्हती. तेवढ्यात सुनंदाचा आवाज, पिंकी दिसत न्हाय हो, पिंकीला कोनी बघितली का? आधी आमाला काय वाटलं न्हाय, पोर हाय, असंल कुठं खेळत. मंग दोघीतिघी शोधायला लागल्या, मंग बाप्ये निघाले, कोनी नाल्याकडं, कोनी नाक्याकडं. मंग कोनी तरी बोललं, सकाळी तो गज्या तिच्या अंगावर ओरडत व्हता. दुसरा बोलला, ओरडत न्हाय, हात धरला व्हता तिचा. तिसरा बोलला, तिला घेऊन जाताना बघितलं त्याला. मी माझ्या कानानं ऐकलं ताई. तोंडातून तोंडात जाता जाता ओरडला त्याचं हात धरला झालं नि हात धरला त्याचं घेऊन गेला झालं, माझी फोडनी जळायच्या आत.

गज्या घरातच पडला व्हता, पिऊन. त्याला ओढून बाहेर काढला नि आमच्याच ओट्याच्या खाली आडवा केला. मी खिडकीत. हात टाकला तर लागंल एवढ्या अंतरावर. मी वरडली, अरे मारू नका, आधी विचारा त्याला, पोलिसांना बोलवा. लूम बंद व्हती, माझा आवाज केवढा ते तुमाला सांगितलं, सगळ्यांनी ऐकलं. एकानं वर बघितलं पन. माझ्याकडं रोज जेवनारा पोरगा, दिवसातून पन्नास वेळा काकी काकी करनारा. त्यानं असं बघितलं जशी मी त्याला कधी दिसलीच न्हवती. बोलला, आत जा. नुसतं आत जा. काकी न्हाय बोलला. काय सांगू तुमाला, मी खाडीकडची बाय, पूर बघितला, दंगलीतले दिवस बघितले, पन तशी भीती मला कधी वाटली न्हवती. सगळे ओळखीचे. कोनाला काय आवडतं, कोन कांदा खात न्हाय, कोनाची आयस आजारी हाय, सगळं मला पाठ. आनि एकाचाही चेहरा मला ओळखू येत न्हवता. खिडकीचे गज धरून उभी ऱ्हायली.

तेवढ्यात अशोक आला. नाल्यात उतरून शोधून आलेला, गुडघ्यापर्यंत काळा चिखल, डोळे असे फिरलेले. हातात नट आवळायचा लोखंडी पाना. बाजूला व्हा बोलला नि गज्याची कॉलर धरून विचारलं, माझी पोरगी कुठं हाय? आता दुसरा कोन असता तर पाया पडला असता, रडला असता. पन तो गज्या. रक्ताची थुंकी टाकली नि बोलला, मला काय विचारतो, गेली असंल गटारात मरायला. आनि अशोकनं हानलं. कानाच्या वर. तो आवाज मी इथं तोंडानं काढून दाखवनार न्हाय तुमाला.

त्यानंतर अजून कोनी लाथा घातल्या, मला धड आठवत न्हाय. मला एवढंच आठवतं की गल्लीच्या तोंडाशी अशोकची आयस दिसली, हातात पिंकीचा हात, पिंकीच्या हातात बर्फाचा गोळा, लाल, कोपरापर्यंत वघळलेला. नातीला बांगड्या घ्यायला बाजारात घेऊन गेली व्हती म्हातारी, कोनाला न सांगता, फोन घरात विसरून; सुनंदाला वाटलेलं ती एकटीच देवळात गेलीय. एवढीच गोष्ट.

सुनंदानं पोरीला उचलून घेतली. अशोक उभाच, मंग त्याला कोनी तरी हाताला धरून नेला. आनि बाकीचे पांगले. पळाले न्हाय हो, पांगले, जेवायची वेळ झाल्यावर पांगतात तसे. त्या शांततेत एकेक दार लागल्याचा आवाज मला येत व्हता, कडी, कडी, कडी. आनि गज्या माझ्या ओट्याखाली.

मी तांब्या घेऊन गेली. कोनी येनार न्हाय असं मीच बोलली व्हती ना त्याला, तर मीच गेली. अर्धं पानी त्याच्या छातीवर सांडलं. त्यानं डोळे उघडले, मला ओळखलं, आनि शिवी दिली. आयवरून. तोच त्याचा शेवटचा शब्द. रिक्षावाले रक्त बघून नको बोलले, मंग भाजी घेऊन येनाऱ्या टेम्पोवाल्याच्या मी हातापाया पडली. आमचे हे तशा दम्यात माझ्यासंगं आले. इथल्या दवाखान्यात बोलले ठान्याला न्या, ठान्याला नेला, शुद्धीवर आलाच न्हाय. गेला.

पोलीस आले. प्रत्येक दारात गेले. प्रत्येकानं एकच सांगितलं, बाहेरची मानसं व्हती साहेब, गर्दी व्हती, आमी घरात व्हतो. मला विचारलं तवा मी पन बोलली, डोकं ठिकानावर न्हाय माझं, मंग सांगते. खोटं न्हाय बोलली, पन खरं पन न्हाय बोलली.

आता बघा, त्याच्या आधी आमच्याकडं एक पोरगा जेवायचा, दिनेश. हसरा, गोरा, गानी म्हनायचा, पगार झाला की माझ्यासाठी गजरा आनायचा. त्याला एका ट्रकनं उडवला नि ट्रकवाला पळाला. तवा हाच आख्खा मोहल्ला पोलीस चौकीसमोर रस्त्यात जाऊन बसला व्हता, बाया, बाप्ये, सगळी, ट्रकवाला सापडल्याबिगर उठनार न्हाय. मी चहाची किटली घेऊन तिथं. रडून रडून माझे डोळे सुजले व्हते. अशोक सगळ्यात पुढं. आनि ट्रकवाला सापडला, आमाला वाटलं न्याय झाला. मी विचार करते ताई, तोच रस्ता, तीच चौकी, तीच मानसं. मंग दिनेश मेला तर मानूस मेला नि गज्या मेला तर कोन मेला?

आनि अजून एक सांगते. मेल्यावर गज्या जास्तच वाईट होत गेला. नळावर रोज नवीन काय तरी निघायचं. कोन बोलायची, पोरी बघत बसायचा. कोन बोलायची, बायकोला विकायला निघाला व्हता. कोनी तर बोललं, गावाकडं त्यानं एकाचा मुडदा पाडलाय, तिथून पळून आलाय. मी शेजारीन, भिंतीला भिंत, मला त्यातलं एक अक्षर माहीत न्हाय. तो वाईटच व्हता, पन एवढा न्हवता. मला कळत व्हतं, त्यांना तो एवढा वाईट पायजे व्हता. न्हाय तर आपन काय केलं ते बघायला लागलं असतं.

मी सुटली असं नका समजू. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर उंबरा कोरडा. थुंकी न्हाय. आनि मला बरं वाटलं. खरं सांगते, बरं वाटलं, आनि त्याच क्षनाला एवढी भीती वाटली की दार लावून घेतलं. एक मानूस मारून टाकला माझ्या डोळ्यासमोर नि मला बरं वाटतंय?

त्याची बायको आली शहापूरवरून, भांडी न्यायला. मला वाटलं ही तरी रडंल. ती बोलली, काकी, चांगलं झालं, देवानं ऐकलं. तिला तरी मी काय बोलनार, तिच्या पाठीवरचे वळ मी बघितलेले. भांडी गोनीत भरली नि गेली. म्हनजे त्याच्यामागं रडायला कोनी म्हनता कोनी न्हाय. पोलिसांतली एक बाय यायची, चांगली व्हती, ती जाताना बोलली, मावशी, पाठपुरावा करनारं घरचं कोनी नसलं की फाइल तशीच खाली जाते.

आनि सुनंदा आली माझ्याकडं. पिंकीला कडेवर घेऊन. दारात बसली नि पदर पसरला, काकी, तुमी खिडकीत व्हतात, सगळ्यांना माहीत हाय. तो बापाच्या काळजानं गेला हो, त्याला काय मारायचं न्हवतं. काकांना पान्यातून कोनी काढलं आठवा. मी बोलली, आठवतं ग बाय, रोज आठवतं. ती बोलली, मंग? मी तिच्यासंगं रडली. पिंकी माझ्या बांगड्यांशी खेळत व्हती. महेश मंग बोलला, आई, तू तोंड उघडायचं न्हाय. कोन व्हता तो आपला? आपल्याला इथंच ऱ्हायचंय. बरोबर बोलत व्हता पोरगा, काय चुकीचं बोलत व्हता? मी गप ऱ्हायली. गपच ऱ्हायली असती कायमची, खोटं कशाला सांगू.

पन मंग ते सुरू झालं. एक दिवस भिशीत रामसेवक जेवत व्हता, बिहारचा, साधा मानूस, जरा तोतरा बोलनारा, त्यामुळं सगळे त्याची चेष्टा करायचे. कोनाचा तरी मोबाइल सापडंना. दोघांनी त्याला ताटावरून उठवला, तूने लिया क्या? तो बिचारा घाबरून अजूनच अडखळायला लागला, म म म करत. तर त्यातला एक हसून बोलला, बोल जल्दी, नहीं तो तेरा भी गज्या कर देंगे. आनि सगळे हसले. रामसेवक न्हाय हसला. त्याच्या हातात चपातीचा तुकडा तसाच, मानूस पांढराफटक. मोबाइल ज्याचा व्हता त्याच्याच उशाखाली सापडला मंग.

गज्या कर देंगे. समजलं तुमाला? मानसाचं नाव ऱ्हायलंच न्हाय, ते एक काम झालं. मंग मी ऐकायला लागली तर सगळीकडं तेच, नाक्यावर, नळावर, पोरं खेळताना पन, तुझा गज्या करू काय? मला वाटलं, आज याला रामसेवक आवडत न्हाय कारन तो तोतरा. उद्या कोन? मी पन भांडखोर बाय, माझा आवाज मोठा, माझ्याबद्दल काय कमी बोलत असतील? कोनाचं पोरगं माझ्या भिशीत जेवून आजारी पडलं तर माझ्याबद्दल तोंडातून तोंडात काय काय होईल? मला गज्याची दया आली म्हनून मी चौकीवर गेली असं लिवू नका. दया न्हाय आली. मला भीती वाटली. मानूस चांगला असंल तरच त्याचा जीव जीव, आनि ते चांगलं वाईट ठरवनार कोन, तर ती गर्दी? मंग कोनाचंच काय खरं न्हाय.

सकाळीच निघाली. यांना काय बोलली न्हाय, नुसतं बोलली चौकीवर जाऊन येते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता अडवतील, अशोकचं नाव काढतील, खांद्यावर त्यांनाच घेतलं व्हतं ना त्यानं. पन ते उठले, भिंतीला धरून चपला घातल्या, नि बोलले, चल, रिक्षा कर, माझ्याच्यानं चालवनार न्हाय. एवढंच. अख्ख्या संसारात मला त्या मानसानं कधी फूल आनून दिलं न्हाय, पन त्या चपला घातल्या ना, ते मी मरेपर्यंत विसरनार न्हाय.

सगळं सांगितलं. कोन व्हते, कोनी धरला, पाना कोनाच्या हातात. अशोकचं नाव घेताना तोंडातून आवाज निघेना, तर ती पोलीसबाय बोलली, मावशी मोठ्यानं. पयल्यांदा कोनी तरी मला मोठ्यानं बोल बोललं.

त्याच्यापुढचं विचारू नका. अशोकला नेला, अजून दोघातिघांना नेला. संध्याकाळी भिशीत सगळ्या सतरंज्या रिकाम्या, एक रामसेवक आला, तो पन दारातून डबा घेऊन गेला. नळावर माझा हंडा सरकवून ठेवायचे. पत्र्यावर दगड पडायचा, कोनी टाकला दिसायचं न्हाय. आनि एक दिवस सकाळी शेगडी पेटवायला गेली तर वास, बघते तर गॅसची नळी अर्धी कापलेली. उंदीर असंल, बोलले शेजारी. असंल बाबा उंदीर. पन काडी ओढली असती तर मी नि हे, दोघं पन कोळसा झालो असतो. तवापासून मी आधी नाक लावून नळी हुंगते, मंग पेटवते. महेश बायकोला घेऊन तिकडं कोन गावाला ऱ्हायला गेला. बोलला, आई, तुला आमच्या जिवापेक्षा तो गज्या मोठा. फोन करतो आता सनासुदीला.

अशोक जामिनावर सुटून आला. समोरच्या टपरीवर बसायचा, नुसता बसायचा. मला त्याची जास्त भीती वाटायची, दगडाची न्हाय वाटायची एवढी. एक दिवस दुपारी आत आला नि सतरंजीवर बसला. बोलला, काकी, वाढा. मी एकटी, हे आत झोपलेले. मी वाढलं. पळी ताटावर आपटत व्हती. तो डाळभात कालवत बसला, मंग मान खाली घालूनच बोलला, काकी, तो तुमचा कोन व्हता? मी बोलली, कोनी न्हाय रे. तो बोलला, आनि मी? मी बोलली, तू माझ्या महेशसारखा. मंग तो बोलला, मला त्याचा चेहरा दिसतो काकी, पिंकीकडं बघितलं तरी दिसतो. अर्धं जेवला, ताट उचललं, धुवून उपडं ठेवलं, नेहमी ठेवायचा तसं.

कोर्टात त्याच्या वकिलानं मला सोलून काढली. तो तुमाला त्रास द्यायचा? हो. तुमची भिशी बंद पाडली? हो. तुमी त्याला मरशील असा शाप दिला व्हता? हो, दिला व्हता. अशोकनं तुमच्या नवऱ्याचा जीव वाचवला? हो. मंग, बाई, तुमी इथं कशासाठी आलात? सगळे माझ्याकडं बघत व्हते, सुनंदा, म्हातारी, चाळीतली निम्मी मानसं. मी बोलली, साहेब, माझ्या ओट्याखाली मानूस मारला. मी बघितलं. मला विचारलं म्हनून सांगते. एवढंच जमलं मला. शिक्षा झाली. खुनाची न्हाय, रागाच्या भरात झालं म्हनून त्याच्या खालची. अशोकला जास्त, बाकीच्यांना कमी. पोलीस त्याला घेऊन जाताना पिंकी पप्पा पप्पा करत मागं धावली, आनि मी कोर्टाच्या पायरीवर बसून अशी रडली की लोकांना वाटलं माझाच मुलगा गेला आत. अशोकसाठी रडली मी. गज्यासाठी मला अजून रडू आलेलं न्हाय. नको येऊ दे. रडू यायलाच पायजे असं कुठं हाय?

आता आमी दोघंच. भिशी थोडी थोडी चालते, नवीन आलेल्या कामगारांना काय माहीत न्हवतं, ते जेवायला यायला लागले. बाकी चाळीत कोनी बोलत न्हाय. सुनंदा समोरून गेली की मी मान खाली घालते, तिनं खाली घालायची का मी, मला कळत न्हाय, पन मी घालते. भीती गेलेली न्हाय. भीती आता घरातलीच झालीय.

परवा सुट्टी व्हती. लूम बंद पडल्या नि छातीत धडधड सुरू झाली. तेवढ्यात बाहेर गलका. मी यांना बोलली, तुमी उठू नका. कडी तीनदा निसटली, मंग निघाली. बाहेर बघते तर एका परक्या पोराला भिंतीला लावलेला, फाटका, कचरा वेचनारा असंल, कोनाची तरी वायर चोरली म्हने. दोन थोबाडीत बसल्या व्हत्या, कोनाच्या हातात काठी. मी कायच बोलली न्हाय ताई. नुसती दारात उभी ऱ्हायली. तर त्यातल्या एकानं मागं वळून बघितलं, शिवी घातली नि बोलला, ए सोड त्याला, ही बया उभी हाय बघ, परत कोर्टात जाईल. आनि सोडला. पोरगं पळालं, माझ्याकडं बघितलं पन न्हाय त्यानं. ते सगळे माझ्याकडं बघत जमिनीवर थुंकले नि गेले.

थुंकू देत. मी तशीच उभी ऱ्हायली, दाराची चौकट धरून. ते पोरगं नाक्याच्या पलीकडं दिसेनासं झालं तवा मंग आत आली.

चला, तुमी निघा आता ताई, उजेड हाय तवर. सुखानं घरी पोचा. देव करो नि तुमच्यावर, तुमच्या लेकराबाळांवर तशी येळ कधी न येवो, या माझ्या बाजूला उभं ऱ्हायची न्हाय, आनि त्या गर्दीच्या बाजूला तर न्हाईच न्हाय.